तारीख हलत नाही: शाळेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्याचं नियोजन

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावातल्या आमच्या शाळेला यंदा ५० वर्षं पूर्ण होतात. २७ डिसेंबरला, रविवारी, माजी विद्यार्थ्यांचा दिवसभराचा मेळावा ठरला आहे. अंदाजे ६०० जण येतील. समिती अकरा जणांची, निम्मी गावात, निम्मी पुण्या-मुंबईत. मे महिना संपत आला, तीन बैठका झाल्या, उत्साह भरपूर आहे, पण काम पुढे सरकत नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात ते असल्या घरच्या कार्यक्रमाला लागू पडतं का? आणि सुरुवात कुठून करायची?

लागू पडतं, अगदी शंभर टक्के. मी गेली २२ वर्षं परिषदा, अधिवेशनं, संस्थांचे वर्धापनदिन आणि असे मेळावे यांचंच नियोजन करते आहे. शब्द नवा वाटला तरी आपल्या घरची लग्नं याच रीतीनं होत आली: मुहूर्त आधी धरायचा आणि तिथून मागे मोजत कार्यालय, आचारी, बस्ता, पत्रिका. १९५७ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या कामांसाठी क्रिटिकल पाथची पद्धत बसवली. तिचं सार एवढंच की, शंभर कामांतली एकापाठोपाठ एक करावी लागणारी सर्वांत लांब साखळी शोधायची आणि तिच्यावर डोळा ठेवायचा. त्या साखळीतलं काम एक दिवस लांबलं की शेवट एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. लग्नघरात ही साखळी एखाद्या काकूच्या डोक्यात पक्की असते. तुमच्याकडे अकरा डोकी आहेत आणि तीन गावांत विखुरलेली, म्हणून ती कागदावर उतरवावी लागते.

इमारतीला उशीर झाला तर ताबा दोन महिने पुढे जातो. कार्यक्रमात तशी सोय नाही. २७ डिसेंबर २७ डिसेंबरलाच येणार. म्हणून मी कुठल्याही समितीकडे कामांच्या यादीआधी निर्णयांची यादी मागते: कोणता निर्णय, कोणत्या तारखेच्या आत, कोण घेणार. तुमच्या तीन बैठकांत प्रमुख पाहुणे कोण आणि व्यासपीठ कसं यावर तास गेले असतील. किती माणसं धरायची आणि पैसे कुठून येणार हे तसंच राहिलं असेल. बहुतेक समित्यांचं असंच होतं, कारण पहिल्या विषयात आनंद आहे आणि दुसऱ्यात जबाबदारी.

पहिला निर्णय उद्देशाचा. समितीतल्या प्रत्येकाला एका कागदावर लिहायला सांगा: २८ डिसेंबरच्या सकाळी काय झालेलं असलं म्हणजे आपल्या कष्टांचं चीज झालं? कुणी लिहील, जुन्या शिक्षकांना भेटलो. कुणी लिहील, प्रयोगशाळेसाठी निधी जमला. कुणी लिहील, गावात नाव झालं. तिन्ही चांगलं आहे, पण कार्यक्रम तिन्हींसाठी वेगवेगळा आखावा लागतो. शिक्षकांसाठी असेल तर भाषणं कमी आणि भेटीगाठींना मोकळा वेळ जास्त. निधीसाठी असेल तर शाळेची गरज दाखवणारा अर्धा तास सर्वांत आधी ठरवावा लागतो. एक मुख्य उद्देश निवडा, बाकीचे त्याच्या मागे.

मग व्याप्ती. जुलै-ऑगस्टमध्ये नव्या कल्पना येऊ लागतात: शोभायात्रा, रक्तदान शिबिर, आजी-माजींचा क्रिकेट सामना, रात्री ऑर्केस्ट्रा. नाही म्हणायला जीव होत नाही, कारण सांगणारा आपलाच वर्गमित्र असतो. त्यासाठी आजच नियम करून ठेवा: नवी कल्पना आणणाऱ्यानं तिच्यासोबत जबाबदार माणसाचं नाव, पैशाची सोय आणि दिवसभराच्या वेळापत्रकातली जागा आणायची. तिन्ही आणलं तर चर्चा, नाहीतर नाही. आणि ३० सप्टेंबरनंतर कार्यक्रमात भर घालायची नाही.

आता पैसा. इथे जरा थांबते, कारण समित्या नेमक्या इथेच चुकीच्या गोष्टीची काळजी करतात. नमुन्यादाखल आकडे घेते, दर तुमच्या गावचे भरा. नाश्ता, जेवण आणि संध्याकाळचा चहा मिळून माणशी ४०० रुपये; ६०० माणसांचे २,४०,०००. माणसं किती आली तरी फारसा न बदलणारा खर्च असा: मांडव, व्यासपीठ, खुर्च्या १,२०,०००, ध्वनी आणि प्रकाश ६०,०००, जनरेटर २०,०००, स्मरणिका ५०,०००, शिक्षकांचे सत्कार ६०,०००, पत्रिका आणि फलक २०,०००, फोटो-व्हिडिओ ३५,०००. हे झाले ३,६५,०००. एकूण ६,०५,०००.

नोंदणी शुल्क ७०० रुपये ठेवलं तर ६०० जणांचे ४,२०,००० येतात आणि १,८५,००० कमी पडतात. आता समजा ४५० जणच आले. शुल्क ३,१५,०००, जेवणासह खर्च ५,४५,०००, तूट २,३०,०००. म्हणजे दीडशे माणसं कमी येऊनही तूट वाढली फक्त ४५,००० ने. लोक येतील की नाही याची धास्ती समिती सहा महिने घेते. प्रत्यक्षात हिशेब टांगलेला असतो देणग्या आणि जाहिरातींवर. अनपेक्षित खर्चासाठी साठ हजार बाजूला धरले तर तुमचं लक्ष्य सुमारे तीन लाखांचं होतं. ते गोळा करणारा एक माणूस आजच नेमा. आणि आजच हेही लिहून ठेवा की, १५ सप्टेंबरपर्यंत दोन लाखांची खात्रीची आश्वासनं आली नाहीत तर काय कापायचं: स्मरणिका छापील ऐवजी मोबाईलवर पाठवायची की मांडव लहान करायचा. हा निर्णय जूनमध्ये शांतपणे होतो. डिसेंबरमध्ये त्यावरून मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

पैसे कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, तो माणूस कितीही विश्वासाचा असला तरी. संस्थेच्या नावानं वेगळं खातं, दोघांच्या सह्या, प्रत्येक रकमेला क्रमांकाची पावती. यात त्या माणसाचंही रक्षण आहे.

उलटं मोजणं म्हणजे काय ते स्मरणिकेवर दाखवते, कारण असल्या मेळाव्यात सर्वांत लांब साखळी बहुधा तिचीच असते. अंक २० डिसेंबरला शाळेत पोचायला हवा. छपाई आणि बांधणीला १२ दिवस, म्हणजे ८ डिसेंबरला प्रेसकडे. प्रुफांच्या दोन फेऱ्यांना १० दिवस, म्हणजे २८ नोव्हेंबरला पानं लावून तयार. पानं लावायला १२ दिवस, म्हणजे १६ नोव्हेंबरला संपादित मजकूर डीटीपीवाल्याच्या हातात. त्याआधी दिवाळी. त्या दोन आठवड्यांत ना लेखक सापडतो ना प्रेसवाला. म्हणजे संपादन ऑक्टोबरअखेर संपायला हवं, त्याला महिना लागतो, म्हणून लेख ३० सप्टेंबरपर्यंत यायला हवेत. लोकांना लिहायला दोन महिने द्यायचे तर आवाहन जुलैअखेर जायला हवं. डिसेंबरच्या अंकासाठी जुलैत पत्र! समितीला हे सांगितलं की पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही; फळ्यावर तारखा मांडल्या की सगळे गप्प होतात आणि कामाला लागतात. हीच मागची मोजणी मांडव, आचारी आणि पाहुण्यांसाठी करा. तुळशीचं लग्न झालं की मांडववाले आणि आचारी लग्नसराईत गुंततात, म्हणून त्यांची बयाणा रक्कम ऑगस्टमध्येच गेलेली बरी.

बाहेरगावच्यांसाठी एक तारीख फार महत्त्वाची आहे. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं. २५-२६ डिसेंबरच्या गाड्या म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. नाताळची सलग सुट्टी असल्यानं जागा भराभर जातात. कार्यक्रम किती वाजता सुरू आणि किती वाजता संपणार हे लोकांना ऑक्टोबरच्या मध्याला पक्कं कळलं पाहिजे, तरच ते परतीचं तिकीट काढतील.

आता कामांपुढे लिहायच्या नावांबद्दल. नऊ वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अधिवेशनात मी संयोजनात होते. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी वीज गेली. जनरेटर मांडवामागे उभा होता, डिझेल भरलेलं होतं, माणूस हजर होता. पण जनरेटरपासून मांडवाच्या पॅनेलपर्यंत केबलच नव्हती. मांडवाच्या इलेक्ट्रिशियनला वाटलं ती जनरेटरवाला आणेल, जनरेटरवाल्याला वाटलं ती मांडवाची. बाजारातून चाळीस मीटर केबल आणून जोडेपर्यंत ३५ मिनिटं गेली. आठशे माणसं बसून होती आणि ऐंशीच्या घरातले एक वक्ते अर्ध्या वाक्यावर माईक हातात धरून उभे राहिले होते. संध्याकाळी मी इतिवृत्त काढून पाहिलं. त्यात लिहिलं होतं: ‘विद्युत व्यवस्था: मांडव समिती व जनरेटरवाले’. सगळा घोळ त्या ‘व’मध्ये होता. तेव्हापासून माझ्या कुठल्याही यादीत एका कामापुढे एकच नाव असतं, समितीचं नव्हे, माणसाचं. मदतीला दहा जण असोत, पण ‘झालं का?’ हा प्रश्न ज्याला विचारायचा तो एक. आणि आदल्या संध्याकाळी आम्ही मेन स्विच बंद करून सगळं वीस मिनिटं जनरेटरवर चालवून बघतो: माईक, पंखे, व्यासपीठाचे दिवे, भटारखान्यातला उजेड.

बैठका थोडक्यात घ्या. पंधरा दिवसांतून एकदा, ४० मिनिटं. नोव्हेंबरपासून दर आठवड्याला. विषयपत्रिकेवर ‘भोजन’ असं लिहू नका. ‘दोन आचाऱ्यांपैकी कोण, आणि माणशी जास्तीत जास्त किती?’ असं लिहा, आणि दोघांची दरपत्रकं दोन दिवस आधी सर्वांना पाठवा. ‘चर्चा झाली’ हे वाक्य इतिवृत्तात येता कामा नये. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढे तीन रकाने पुरेत, आणि ते त्याच रात्री गटावर टाका. व्हॉट्सॲपवर गप्पा होऊ द्या, निर्णय नको, कारण शंभर निरोपांखाली तो गडप होतो. पुण्या-मुंबईची मंडळी फोनवरून येत असतील तर गावातल्या सहा जणांनीही एका खोलीत एक फोन मध्ये ठेवून बसू नये. प्रत्येकानं आपापल्या फोनवरून जोडून घ्यावं. नाहीतर खोलीतलं कुजबुजणं पलीकडे कळत नाही, आणि महिन्याभरात शहरातले चार जण बैठकीला येणंच सोडतात.

परवानग्यांचं काम एका चिवट माणसाकडे द्या. संस्थेची मैदानासाठी लेखी संमती, पोलीस ठाण्याला पत्र, ध्वनिक्षेपकाची परवानगी, नगर परिषद किंवा ग्रामपंचायत, महावितरणची तात्पुरती जोडणी, आचाऱ्याकडे अन्नसुरक्षा नोंदणी आहे का ते. गाणी वाजवणार असाल तर त्याच्या परवान्याचीही चौकशी करा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो हे २००० सालच्या नियमांपासून चालत आलं आहे, म्हणून संध्याकाळच्या गाण्यांचा शेवट साडेनऊला धरा. मंत्री किंवा आमदार बोलावणार असाल तर त्या सुमारास कुठल्या निवडणुकीची आचारसंहिता लागू होईल का, हेही आधी पाहा.

आता दिवसभराचं गणित, ज्याकडे फार कमी लोक बघतात. नोंदणीच्या टेबलावर नाव शोधून तयार बिल्ला हातात द्यायला ४५ सेकंद लागतात. ६०० माणसांना ४५० मिनिटं. सगळे साडेआठ ते साडेनऊ या तासात येणार, म्हणजे आठ टेबलं हवीत. तिथेच पैसे घेऊन पावती फाडायची ठरवली तर माणशी तीन मिनिटं, म्हणजे तीस टेबलं. म्हणून पैसे घेणं १५ डिसेंबरलाच बंद करा. आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी दोन टेबलं निराळी. बिल्ले आडनावानं लावू नका, दहावीच्या वर्षाप्रमाणे लावा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी त्यामुळे लगेच सापडतात, आणि आपल्या वर्षाच्या टेबलापाशीच जुने सोबती भेटतात. जेवणाचंही तसंच. एका रांगेतून मिनिटाला साधारण चार माणसं पुढे जातात. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल अशी चार टेबलं म्हणजे आठ रांगा, मिनिटाला ३२ माणसं, वीस मिनिटांत सगळे जेवायला बसलेले. भिंतीला लावलेली दोन टेबलं असली तर सव्वा तास. आचारी तोच, पदार्थ तेच, फक्त टेबलं भिंतीपासून ओढायची.

आणि सत्कार. याबद्दल कळकळीनं सांगते. तुमच्याकडे समजा ३२ शिक्षक येणार आहेत. पत्रिकेत लिहिलं जातं ‘गुरुजनांचा सत्कार, २० मिनिटं’. मी घड्याळ लावून मोजलं आहे: नाव पुकारणं, खुर्चीतून उठणं, पायऱ्या, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो, परत जाणं, मिळून एकाला १०० सेकंद. बत्तिसांना ५३ मिनिटं. पंधराव्या नावापासून लोक आपसांत बोलू लागतात, आणि एकविसाव्या नावाला, ज्या बाईंनी तुम्हाला बाराखडी गिरवायला शिकवलं त्या व्यासपीठावर येतात तेव्हा टाळ्या विरळ झालेल्या असतात. त्यांच्या ते लक्षात येतं. हे टाळता येतं. पाच शिक्षक एकदम खुर्च्यांवर बसवा, त्यांचेच पाच विद्यार्थी शाल घेऊन मागे उभे, निवेदक प्रत्येकाबद्दल एकेक वाक्य सांगणार. एका फेरीला तीन मिनिटं, सात फेऱ्या, २१ मिनिटं. शाल-श्रीफळाची तबकं क्रमानं लावून ठेवणारा एक माणूस विंगेत हवाच. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्याजवळ व्यासपीठानं यावं, म्हणजे पहिल्या रांगेतच सत्कार करावा, माईक तिथे न्यावा.

शिक्षकांसाठी आणखी थोडं. हात टेकायला आधार असलेल्या खुर्च्या, जवळचं स्वच्छतागृह आणि त्यात कमोड, मधुमेह असणाऱ्यांसाठी बारा वाजता वेगळं वाढलेलं जेवण. प्रत्येकाच्या सोबतीला दिवसभर एक माजी विद्यार्थी, घरून आणण्यापासून घरी सोडेपर्यंत. माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर असतीलच, त्यांच्यातला एक पहिल्या रांगेजवळ बसवा. १०८ ची रुग्णवाहिका आली तर आत यायची वाट गाड्यांनी अडवलेली नसावी.

धोक्यांची यादी करताना घाबरवणारं सगळं लिहू नका. पाच-सहा शक्यता घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा: हे घडलं हे कधी मानायचं, आणि मग कोण काय करणार. प्रमुख पाहुणे ठरल्या वेळेपासून २० मिनिटांत आले नाहीत तर शिक्षकांचा सत्कार आधी सुरू. अवकाळी पावसाची चिन्हं असली तर आदल्या दिवशी दुपारी ४ वाजता निर्णय, खुर्च्या शाळेच्या सभागृहात आणि व्हरांड्यात. न नोंदवता शंभर जण आले तर भात आणि आमटी वाढवता येईल अशी सोय आचाऱ्याशी आधीच बोलून ठेवलेली.

त्या दिवसाची क्रमपत्रिका मिनिटांत लिहा: वेळ, काय, कोण बोलणार, कुठून येणार, कोणता माईक, कोणती वस्तू लागणार. तिच्या दहा प्रती काढा. आणि मुख्य संयोजकाला प्रास्ताविक, सत्कार, आभार यातलं काहीही देऊ नका. त्याला मान म्हणून व्यासपीठावर बसवलं की कार्यक्रम वाऱ्यावर जातो. त्यानं दिवसभर मांडवाच्या कडेला उभं राहायचं, हातात क्रमपत्रिका आणि घड्याळ. कोणती गोष्ट प्रत्यक्षात किती वाजता सुरू झाली ते लाल पेनानं शेजारी लिहीत जायचं.

मांडववाला, आचारी, ध्वनिवाला यांचे उरलेले पैसे आठवड्यात चुकते करा. १५ जानेवारीच्या आत जमाखर्च छापून सर्व देणगीदारांना पाठवा आणि शाळेच्या फलकावर लावा. माजी विद्यार्थ्यांची यादी, दहावीचं वर्ष, सध्याचं गाव आणि ज्यांनी संमती दिली त्यांचे फोन नंबर अशी वहीत आणि संगणकावर, दोन्हीकडे मुख्याध्यापकांच्या कार्यालयात जमा करा. सोबत ती लाल पेनाच्या खुणा असलेली क्रमपत्रिकाही ठेवा.